थेट विमान नाही

बफलो ते टोरंटो. दोन विमानतळांमधलं अंतर
एकशे दहा किलोमीटर, असं स्क्रीन सांगतो.
उड्डाणाचा वेळ, अंदाजे, पस्तीस मिनिटं.
खाली बारीक अक्षरांत: थेट विमान नाही.

एकशे दहा म्हणजे
चिपळूण-कराड, वर थोडं.
कुंभार्ली घाटात शलाकाला एकदा ओकारी होणार,
आई लिंबू हुंगायला देणार,
कंडक्टर "पिशवी धरा, पिशवी" म्हणून ओरडणार,
की पाटण, की कराड.
आमच्याकडे अंतर असंच मोजायचे.
एका ओकारीचं गाव. दोन ओकाऱ्यांचं गाव.

जायचंच तर न्यूअर्कमार्गे जा, म्हणतो स्क्रीन.
आधी उलटं खाली उतरायचं, तीन तास बसून राहायचं,
मग पुन्हा वर. सहा तास चाळीस मिनिटं.
द्राविडी प्राणायाम.
तोही केला असता.

पण कोवाल्स्कीबाई, माझ्या वकील,
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या,
"देशाबाहेर पाऊल टाकू नकोस.
पासपोर्टावरचा शिक्का संपलाय, कागद अजून टेबलावर आहेत.
गेलीस, तर परत येणं देवाच्या हातात,
आणि देव त्या खात्यात नाही."

शलाकाने इकडे यायचं तर
मुलाखतीची तारीख सातशे त्रेचाळीस दिवसांनंतरची.
तिने ती घेतली. फ्रीजवर लावली,
मुलाच्या लशींच्या तक्त्याशेजारी.

लॅबमधल्या मुली विचारतात,
किती तास मागेपुढे आहे तुझी बहीण?
मी म्हणते, शून्य.
चीकटोवागात मी भांडी घासते
तेव्हा मिसिसागात ती घासत असते.
फोनवर नळ दोन, आवाज एक.
कधीकधी तिचा बंद झाला तरी
मला वाटतं माझाच झाला.

नोव्हेंबरात तिने मेतकूट पाठवलं.
एकोणीस दिवसांनी आलं,
पाकीट फोडून पुन्हा चिकटवलेलं.
कुणीतरी नाकाशी धरलं असणार.
हिंग ओळखला असेल का त्याने?
हिशोब केला: दिवसाला सहा किलोमीटरही नाही.
कुंभार्लीत बैलगाडी याहून बरी.

मे महिन्यातल्या एका रविवारी
मी लुइस्टनला उभी राहिले, नदीच्या अलीकडे.
ती क्वीन्स्टनला, पलीकडे.
धबधबा ओलांडून आलेली नायगारा
इथे फार रुंद नाही, आपल्या वाशिष्ठीएवढी.
फक्त हिरवी, आणि घाईत.

तिने पिवळी छत्री उघडली, ओळखू यावी म्हणून.
मी हात हलवला.
गळ टाकून बसलेल्या एका आजोबांना वाटलं त्यांनाच,
त्यांनीही टोपी काढून हलवली.
"ठमे, जाड झालीस," असं फोनमध्ये आलं
तेव्हा छत्री आधीच हसून हलून गेली होती.
आवाज तिच्या मागाहून येत होता,
कुठल्या कुठल्या गावांना वळसा घालून.
न्यूअर्कमार्गेच असणार.

मग तिने पोराला उचलून धरलं.
"नाक कुणाचं गं?"
"बाबांचं."
मला तर अंगरख्याचा रंगही नीट दिसत नव्हता.
"हो गं, अगदी बाबांचं," मी म्हटलं.
इतक्या लांबून मान्यच करायचं असतं.

तेवढ्यात फोन कानाशी थरथरला.
पलीकडच्या कुठल्याशा टॉवरने त्याला ओढून घेतलं होतं.
मेसेज होता: कॅनडात आपलं स्वागत आहे.
रोमिंगचे दिवसाला बारा डॉलर.

मी तिला तो वाचून दाखवला.
छत्री जराशी खाली आली.
"मग ये ना," ती म्हणाली.
"आलेच," मी म्हटलं,
आणि फोन चालू होता तोवर
मी तिथे होते.

आजोबांनी रिकामा गळ गुंडाळला.
मी गाडीत बसले.
घरी पोचायला पस्तीस मिनिटं लागली.